काराकुमची शिरगणती

आधी वरून पाहून घ्या. कॅस्पियन समुद्राच्या पूर्व काठापासून अमू दर्या नदीपर्यंत पसरलेला हा राखी-पिवळा प्रदेश म्हणजे तुर्कमेनिस्तान. क्षेत्रफळ सुमारे 4 लाख 88 हजार चौरस किलोमीटर, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काराकुम वाळवंटाचा. हिरवं जे काही आहे ते कडेकडेने. दक्षिणेला इराणच्या सीमेवर कोपेतदागचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी एक बारीक हिरवी किनार. पूर्वेला अमू दर्याच्या काठाने दुसरी. या दोहोंच्या मध्ये, वाळूच्या तोंडाशी, हिरवळीचे दोन पुंजके: एक मुर्गाब नदीचा, दुसरा तेजेनचा. दोन्ही नद्या अफगाणिस्तानच्या डोंगरांतून निघतात आणि समुद्राचं तोंड कधीच पाहत नाहीत. वाळूत शिरतात, फाटे फुटून पांगतात आणि तिथेच जिरून जातात.

आता खाली उतरा, थेट चार हजार वर्षं मागे. सोबत एकच प्रश्न घ्या: इथे माणसं किती? जिथे थांबाल तिथे तो विचारा, आणि उत्तर देणारा काय मोजून उत्तर देतो इकडे लक्ष ठेवा.

पहिला मुक्काम गोनुर देपे. मुर्गाबचे फाटे त्या काळी आजच्यापेक्षा बरेच उत्तरेला पोचतात, आणि जिथे पुढे फक्त वाळू असणार आहे तिथे तुम्ही कच्च्या विटांच्या उंच तटाखाली उभे आहात. आत राजवाडा, भट्ट्या, धान्याची कोठारं, पाण्याचे मोठमोठे हौद. एका माणसाच्या तळहातावर दगडाचा चौकोनी शिक्का आहे. वाकून पाहा. त्यावर हत्ती कोरलेला आहे आणि वर सिंधू लिपीतली चिन्हं आहेत. हा शिक्का पुढे पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांच्या उत्खननात सापडणार आहे. आज मात्र तो वापरातला आहे, कुणाच्या तरी व्यवहाराची खूण आहे. हडप्पा-मोहेंजोदडोच्या बाजारातून निघालेला माल हिंदुकुश ओलांडून इथवर येतो, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नसावा.

प्रश्न विचारा. इथे कुणी सांगत नाही. या शहराची लिखित नोंद मागे राहिलेली नाही. पण काही शतकं थांबलात तर दिसेल की नदी हळूहळू मागे सरकते आहे. उत्तरेकडचे फाटे आटतात, हौद भरेनासे होतात, आणि माणसं पाण्यामागोमाग दक्षिणेला निघतात. शहर कुणी जाळलं म्हणून ओस पडलं नाही. पाणी गेलं, माणसं गेली.

त्याच नदीच्या काठाने वर या. दहावं शतक, मर्व. खुरासानातलं हे एक मोठं शहर. समरकंद-बुखाऱ्याचा माल, निशापूरचे व्यापारी, चीनकडचं रेशीम सगळं याच्या वेशीतून जातं. तुम्ही बाजारात न रमता शहराबाहेर नदीकडे चला, कारण खरं मर्व तिथे आहे.

नदीवर बांध आहे. तिथून कालवे फुटतात, कालव्यांचे पाट, पाटांच्या सऱ्या. शहराच्या बाहेर, काही अंतरावर, प्रवाहात एक लाकडी फळी उभी केली आहे. फळीवर रेषा कोरलेल्या आहेत आणि दोन रेषांमधलं अंतर जवाच्या एका दाण्याएवढं. पुराचं पाणी चढू लागलं की पहारेकरी ती फळी वाचतो. पाणी 60 जवांपर्यंत चढलं तर वर्ष सुकाळाचं, लोकांत आनंदीआनंद. 6 जवांवरच अडलं तर दुष्काळ. आकडा कळताच जासूद निघतो, पाण्याच्या कचेरीत वर्दी देतो, आणि तिथून प्रत्येक कालव्यावरच्या माणसाला हुकूम जातो: यंदा कुणाला किती सोडायचं. त्या काळच्या अरब भूगोलकारांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. पाण्याच्या या अधिकाऱ्याच्या हाताखाली दहा हजार माणसं असल्याचं ते सांगतात. मर्वच्या पोलीसप्रमुखापेक्षा त्याचा दरारा मोठा, असंही.

बांधावर जा. इथे चारशे पाणबुडे नेमलेले आहेत. रात्रंदिवस बांधाची राखण हेच त्यांचं काम. प्रत्येकाने रोज ठरलेलं लाकूड आणि झाडोरा आणून टाकायचा, म्हणजे कुठे भगदाड पडलंच तर सामान हाताशी हवं. तुम्ही पोचता तेव्हा हिवाळ्याची पहाट आहे. काठावर शेकोटी, शेकोटीवर भांडं, भांड्यात मेण वितळतंय. एक पाणबुडा अंगावरचं सोडतो आणि दुसरा त्याच्या पाठीला, खांद्यांना, पोटऱ्यांना ते कोमट मेण चोळतो. थंडी कातडीपर्यंत पोचू नये म्हणून. मेण गार होऊन पांढुरकं होतं, हात वाकवला की कोपरापाशी तडकतं. तिथे पुन्हा एक बोट फिरतं. मग तो लाकडाची मोळी छातीशी धरतो आणि गढूळ पाण्यात उतरतो. तुम्ही श्वास रोखून धरता. तो बऱ्याच वेळाने वर येतो, मोळीशिवाय, आणि काही न बोलता शेकोटीजवळ बसतो.

मर्वमध्ये माणसं किती, हे याला विचारा. तो शहराकडे पाहणार नाही, फळीकडे पाहील. पाणी जेवढं, तेवढी माणसं.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला याच शहरात याकूत नावाचा एक परदेशी भूगोलकार ग्रंथालयांमध्ये दिवस काढतो आहे. दहा ग्रंथालयांची तो नोंद करतो. त्यातल्या एकात बारा हजार ग्रंथ. त्याच्या मुक्कामाच्या खोलीवर दोनशेच्या आसपास ग्रंथ नेहमी पडलेले असत, आणि बहुतेकांसाठी त्याला तारणसुद्धा ठेवावं लागत नसे. वाळवंटाच्या कडेवर एवढी पुस्तकं उभी राहतात ती त्या चारशे मेण माखलेल्या पाठींच्या जोरावर, असं मला वाटतं. ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव कुणी घेत नाही.

याकूत वेळेवर निघतो. तुम्ही निघू नका. फेब्रुवारी 1221. चंगेजखानाचा मुलगा तोलुई वेशीबाहेर आहे. शहर शरण जातं. माणसांना मैदानात आणलं जातं. सगळ्यांना बाहेर यायलाच चार दिवस लागतात. कारागीर आणि काही मुलं बाजूला काढतात. उरलेल्यांची सैनिकांमध्ये वाटणी होते, एकेकाच्या वाट्याला तीन-चारशे. पुढचं पाहू नका.

मोंगोल गेल्यावर इज्जुद्दीन नावाचे एक सय्यद काही लोकांना घेऊन मैदानात उतरतात. तेरा दिवस, तेरा रात्री ते प्रेतं मोजतात. बिळांतली, खेड्यांतली, रानातली नाहीत. फक्त उघड्यावर दिसतील ती. इतिहासकार जुवैनीने त्यांची बेरीज लिहून ठेवली आहे: 13 लाखांहून जास्त. या वाळवंटात लोकसंख्येचा हा पहिला मोठा आकडा. आजचे अभ्यासक तो मानत नाहीत, आणि त्या फळीच्या हिशोबानेही तो बसत नाही. मुर्गाबच्या पाण्यावर एवढी तोंडं जगलीच नसती. पण खोट्या बेरजेपोटी कुणी तेरा रात्री प्रेतांमधून फिरत नाही. त्या आकड्यात मोजणी कमी असेल, आकांत खरा आहे.

मर्व पुन्हा उठतं, लहान होऊन. शेवटचा घाव अठराव्या शतकाच्या अखेरीस पडतो. बुखाऱ्याचा अमीर शाह मुराद शहराच्या तटाला नुसतं धडकत बसत नाही. तो नदीवरचा बांध फोडतो. पाट सुकतात, बागा सुकतात, आणि उरल्यासुरल्या लोकांना तो हाकत बुखाऱ्याकडे घेऊन जातो. पाण्याच्या नाडीवर बोट ठेवलं की माणसांची संख्या आपल्या हातात येते, हे त्याला नेमकं कळलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तरेकडे वळा, खऱ्या वाळूत. तुम्ही एका तकीरवर उभे आहात: चिकणमातीचं पसरट, फरशीसारखं टणक मैदान, उन्हाने तडकून त्याचे पंचकोनी-षट्कोनी तुकडे पडलेले. इथे पाऊस वर्षाला शंभर-दीडशे मिलिमीटर, कुठे त्याहून कमी. पण जो पडतो तो तकीरमध्ये मुरत नाही, वाहतो. तुर्कमेन मेंढपाळ त्याला उताराच्या टोकाला खोदलेल्या खड्ड्यांकडे वळवतात. खड्ड्यातून ते गोडं पाणी खाली झिरपतं आणि जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं हलकं, खारं जड. त्या तरंगत्या थरापर्यंतच विहीर खणायची. एक हात खोल गेलात, एक पखाल जास्त उपसलीत, की खालचं खारं वर आलंच. म्हणून अशा विहिरीवर जनावरं किती पाजायची याला मर्यादा आहे, आणि ती कुणी मोडत नाही.

इतर ठिकाणी विहिरी खोल, काही तर दोनशे मीटरपर्यंत. वाळू ढासळू नये म्हणून आतून सॅक्सॉल या वाळवंटी झुडपाच्या फांद्यांचं अस्तर विणलेलं. आपल्याकडे मोटेचे बैल धावेवरून उतरत, तसा इथे उंट विहिरीपासून सरळ लांब चालत जातो, दोराच्या लांबीइतका, आणि चामडी मोट काठावर येईपर्यंत तो वाळूत ठिपक्याएवढा झालेला असतो. पाणी वर येतं. तोंडात घ्या: कोमट, चामड्याच्या वासाचं, किंचित खारट. उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे येईल तोही नाकारू नका.

दक्षिणेला परत या, कोपेतदागच्या पायथ्याच्या अखाल पट्ट्यात. डोंगरातले झरे आणि कारेझ म्हणजे भुयारी कालवे यांच्यावर तेके टोळीच्या तुर्कमेनांची शेती चालते. म्हाताऱ्याशेजारी सतरंजीवर बसा, तो हिरव्या चहाची चहादाणी पुढे सरकवेल. तुमचा प्रश्न विचारा.

"मुला, माणसं काय मोजतोस? पाण्याचे वाटे किती, ते विचार."

जमीन आणि पाणी गावाचं. वाटणी दरवर्षी, आणि वाटा मिळतो लग्न झालेल्या पुरुषाला. म्हणून ज्याला ऐपत आहे तो मिसरूडही न फुटलेल्या मुलाचं लग्न लावून टाकतो; घरात एक वाटा वाढतो. ज्याच्याकडे वधूमूल्याची मेंढरं-उंट नाहीत, त्याचा तिशीतला मुलगा बिनलग्नाचा राहतो, म्हणून बिनपाण्याचा राहतो आणि गावाच्या हिशोबात धरलाच जात नाही. बायका धरल्या जात नाहीत. इराणी गावांवर धाडी घालून पकडून आणलेले, खिवा-बुखाऱ्याच्या बाजारात विकले जाणारे लोक तर मुळीच नाहीत. म्हातारा सज्जन आहे, चहा मनापासून पाजतो आहे. तरी हे तुम्ही नजरेआड करू नका.

जानेवारी 1881. याच पट्ट्यात, ग्योकदेपेच्या मातीच्या किल्ल्याखाली रशियन जनरल स्कोबेलेवचे सुरुंग उडतात. हजारो तेके किल्ल्यात मरतात, हजारो वाळवंटाकडे पळताना कापले जातात, त्यांत बायका-मुलंही. त्याच वर्षी जवळच्या अश्गाबात गावात रशियन छावणी पडते. पाठोपाठ रेल्वे येते: 1885 मध्ये अश्गाबात, 1886 मध्ये मर्व. रुळांवर वाळू चढू नये म्हणून दुतर्फा सॅक्सॉल लावला जातो. नवे राज्यकर्ते तंबू मोजतात, कारण कर तंबूमागे आहे. 1897 च्या जनगणनेत या कॅस्पियनपारच्या प्रांताची लोकसंख्या भरते 3 लाख 82 हजार.

ऑक्टोबर 1948, अश्गाबात. तुर्कमेन सोव्हिएत प्रजासत्ताकाची ही राजधानी. रात्र उबदार, एक वाजून गेलेला. बहुतेक घरं कच्च्या विटांची, वर मातीचं जाड, सपाट छत. वर्षानुवर्षं गळतीवर लिंपलेल्या मातीच्या थरांनी ती छतं जड झाली आहेत. तुम्हाला काय होणार ते माहीत आहे आणि सांगायला तोंड नाही. जमीन आधी खालून उसळते, मग हलते. दहा-पंधरा सेकंदं. त्यानंतर धूळ एवढी की स्वतःचा हात दिसत नाही. आणि त्या धुळीतून, क्षणभराच्या शांततेनंतर, सगळ्या दिशांनी एकदम आवाज उठतात.

शहर उरलेलं नाही. 1939 च्या गणतीत इथे सव्वा लाखावर माणसं होती. आता किती? या वेळी प्रश्न विचारायचीच चोरी. सोव्हिएत वर्तमानपत्रांत भूकंपाची बातमी येते, मृतांचा आकडा येत नाही. तो पुढची चाळीस वर्षं येणार नाही. नंतर जे आकडे बाहेर येतात ते 10 हजारांपासून 1 लाख 10 हजारांपर्यंत, आणि स्वतंत्र तुर्कमेनिस्तानचं सरकार त्याहूनही मोठा आकडा देतं. मर्वला निदान एक माणूस तेरा रात्री फिरला होता. इथे मेलेल्यांची मोजणी करणारा कुणी असलाच, तर त्याचा कागद फडताळात गेला. त्या रात्री ढिगाऱ्यातून वाचलेल्यांत आठ वर्षांचा एक मुलगा आहे, ज्याची आई आणि भाऊ गेले: सापरमुरात नियाझोव. पुढे हाच या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष होणार आहे.

1954 मध्ये अमू दर्यावर खोदकाम सुरू होतं. काराकुम कालवा. बुलडोझर पुढे जाऊन वाळूत चर पाडतात, चरात पाणी सोडतात, आणि त्याच पाण्यावर तरंगत ड्रेजर मागून येऊन पात्र रुंद करतात. कालवा स्वतःच्या पाण्यावर चालत पुढे सरकतो. शेवाळ आणि पाणगवत माजतं तेव्हा ते खायला गवत्या मासे सोडले जातात. आधी मुर्गाब गाठली जाते, मग तेजेन, आणि 1962 मध्ये पाणी अश्गाबातला पोचतं.

तुम्ही त्या गर्दीत उभे राहा. डोंगराच्या चार झऱ्यांवर भागवलेल्या माणसांसमोरून अमू दर्या वाहते आहे, शेकडो किलोमीटर वाळू ओलांडून. म्हाताऱ्या बायका काठावर बसून ओंजळी भरतात आणि तोंडाला लावतात. पोरं कपड्यांसकट उड्या टाकतात. या आनंदाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही; जन्मभर पखालीने पाणी मोजलेल्या माणसालाच तो कळेल.

पण कालव्याच्या कडेने चालत राहा. तळ आणि काठ उघड्या वाळूचे, अस्तर नाही. पाण्याचा मोठा भाग वाटेतच मुरतो, उडून जातो. जे शेतात पोचतं ते कापसाला, आणि निचऱ्याची सोय नसलेल्या शेतांत जमिनीखालचं खारं पाणी वर चढतं. तकीरवरच्या मेंढपाळाला जे ठाऊक होतं, तेच इथे हजारो हेक्टरांवर विसरलं गेलं. पहाटे शेतात पांढरा थर दिसतो. बोट लावून चाखा, मीठ आहे. आणि उत्तरेला, इथून दिसत नाही एवढ्या लांब, अरल समुद्र काठ सोडून आत जातो आहे. त्याला अमू दर्याचं पाणी मिळेनासं होण्याची कारणं अनेक. 1,375 किलोमीटरपर्यंत वाढत गेलेला हा कालवा त्यांतलं एक मोठं कारण.

माणसं मात्र वाढली. 1959 मध्ये 15 लाख, 1989 मध्ये 35 लाख. कालव्याच्या रेघेवर ठिपके टाकत गेलात तर नवी गावं, नवी शेतं तिथेच सापडतील. फळी अजून खरं बोलत होती.

शेवटचा मुक्काम डिसेंबर 2022, पुन्हा अश्गाबात. पांढऱ्या संगमरवराच्या इमारती, रुंद मोकळे रस्ते, कारंजी. जनगणना चालू आहे. प्रगणक टॅबलेट घेऊन दारोदार फिरतात. त्यांच्याबरोबर एखादा जिना चढा. घरात कोण कोण, विचारलं जातं. एका घरचा मुलगा इस्तंबूलला कामावर, दुसऱ्या घरची सून तिकडेच कुणाच्या तरी घरी म्हातारी माणसं सांभाळते. तुर्कस्तानने तुर्कमेन नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणं याच वर्षीच्या सप्टेंबरात बंद केलं. जे तिकडे आहेत ते परतले तर पुन्हा जाता येईल याची खात्री नाही. त्यांना घरात धरायचं की नाही? पुढे सरकार जाहीर करतं: 70 लाखांहून थोडे जास्त. त्याआधीच्या, 2012 च्या जनगणनेचे संपूर्ण निकाल कधी प्रसिद्धच झाले नव्हते. देशाबाहेरचे निरीक्षक 70 लाखांचा आकडा फुगवलेला मानतात, कारण गेली काही वर्षं हा देश सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली आहे.

गॅस इथे अमाप आहे. गाल्किनिशचं क्षेत्र जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. पण गॅस पिता येत नाही. या देशाच्या शेतीचा आणि शहरांचा जीव अजूनही अमू दर्यात अडकलेला आहे, आणि नदीच्या वरच्या अंगाला, अफगाणिस्तानात, त्याच 2022 मध्ये नवं खोदकाम सुरू झालं आहे. कोश तेपा कालवा, 285 किलोमीटर. बल्ख, जवज्जान, फारियाब या कोरड्या प्रांतांसाठी. तिथले शेतकरी तहानलेले आहेत, त्यांचाही नदीवर हक्क आहे, आणि कालवा तसाच, बहुतांशी अस्तराविना, वाळूतून चालला आहे. अमू दर्याच्या पाण्याचे वाटे सोव्हिएत काळात ठरले तेव्हा अफगाणिस्तान त्या बैठकीत नव्हता, आणि आजही त्याच्याशी पाणीवाटपाचा करार झालेला नाही. पुढच्या शिरगणतीआधी तुर्कमेनिस्तानने काबूलशी बोलणी करून अमू दर्याचा जव किती चढेल हे दोघांच्या सहीने ठरवून घेतलं पाहिजे.